फोनवरची फोडणी

होळीनंतर चार-सहा दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा एक लांबलचक मेसेज येतो. रंगाच्या फुग्यांनी भिंती खराब झाल्या, याला जबाबदार कोण, वगैरे. मीरा रोडच्या आमच्या बेव्हर्ली पार्कात ऋतू ओळखायला फारशी झाडं नाहीत, त्यामुळे हा मेसेज आला की मी समजते, उन्हाळा लागला. मग गाद्या उन्हात टाकायच्या, माठ धुऊन घ्यायचा आणि वरच्या मजल्यावरच्या दुबे भाभींच्या प्रश्नाची तयारी ठेवायची. यंदाही त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "आंटी, इस बार अंकल कब आ रहे हैं?" मी नेहमीसारखं "देखते हैं" म्हटलं. त्या हसल्या आणि भाजीची पिशवी सावरत वर गेल्या.

हा प्रश्न विचारायला त्यांनी सुरुवात केली ती त्या उन्हाळ्यात, जेव्हा सगळं जग दारं लावून घरात बसलं होतं. ज्यांच्या घरातलं माणूस त्यात गेलं, त्यांना त्या दिवसांचं नावही नको वाटतं. माझं कुणी गेलं नाही. म्हणून त्याबद्दल बोलताना मला उगीच चोरट्यासारखं होतं, जेवून आलेल्या माणसाने उपाशी माणसांत बसून पोटदुखी सांगावी तसं. पण पोट दुखत होतं हे खरंच आहे, आणि उन्हं तापायला लागली की ते अजूनही थोडं दुखतं.

आमचे हे त्या वर्षी शिमग्याला गावी गेले होते. राजापूरच्या पुढे, हायवे सोडून आत डोंगरात आमचं गाव आहे. आमचं म्हणजे यांचं. मी लालबागची. गाव म्हणजे मला मे महिन्यात आठवडाभर जायची जागा, आणि आठवडा संपला की सुटल्यासारखं परत यायचं निमित्त. यांचं तसं नाही. कोकणातला माणूस दिवाळीला घरी गेला नाही तरी एकवेळ चालतं, पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येते तेव्हा आपलं दार बंद असलेलं त्याला सोसत नाही. हे नोकरीत असतानासुद्धा दरवर्षी जायचे, मी मार्चअखेरची कामं पुढे करून इथे थांबायचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळायचे, आणि मार्चमध्ये आमच्या शेठना स्वतःच्या बायकोचं नाव आठवत नसे, तर माझी रजा कुठून मंजूर होणार.

पण त्या मार्चला एक वेगळी गोष्ट होती. महिनाअखेरीला मी रिटायर होणार होते. हे माझ्या आधी चार वर्षं रिटायर झाले होते आणि तेव्हापासून एकाच वाक्यावर दिवस काढत होते: तू मोकळी झालीस की गावी जाऊन राहू. घराची कौलं बदलून घेऊ, परसात भाजी करू, काजूची झाडं आहेत. मी दरवेळी "बघू" म्हणायचे. संसारात 'बघू' या शब्दाइतका उपयोगी शब्द नाही. त्यात नकार नसतो, होकार नसतो, भांडण तर मुळीच नसतं. त्या एका शब्दावर मी चार वर्षं रेटली होती, आणि आता मार्चअखेरीला माझा 'बघू' संपणार होता. शिमग्याला निघताना दारात चप्पल घालता घालता हे म्हणाले होते, "पालखी झाली की येतो. मग बसून ठरवू." ते बसून ठरवणं मला नको होतं. मनातल्या मनात मी म्हटलं होतं, राहा आणखी चार दिवस, काही घाई नाही.

माणसाने मनातल्या मनातसुद्धा जपून बोलावं. पालखी झाली, मग काजू काढणीला आले म्हणून हे थांबले, मग येतो येतो म्हणेपर्यंत गाड्याच बंद झाल्या.

पहिले काही दिवस मला बरंच वाटलं, हे सांगायला हवं. सगळ्या घरात मी एकटी. टीव्हीचा रिमोट माझा, पंख्याचा वेग माझा, चहा कधी करायचा ते माझ्या मनावर. मग एका सकाळी गॅलरीत उभी होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की काशीमीऱ्याच्या नाक्याचा आवाज येत नाहीये. हायवेवरच्या ट्रकांची एक सतत घरघर आमच्या भागात असते. तीसेक वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा त्या आवाजाने झोप लागत नसे, नंतर तो कानात मुरला आणि ऐकू येईनासा झाला. तो बंद पडल्यावर कळलं की इतकी वर्षं आपण तो ऐकत होतो. मला त्या शांततेचं कौतुक वाटायला हवं होतं. लोक तेव्हा फोन करून एकमेकांना सांगायचे, पक्षी ऐकू येतात, हवा किती स्वच्छ झालीये. मलाही पक्षी ऐकू आले. मी आत जाऊन टीव्ही लावला.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मी आंघोळ करून निरोप समारंभासाठी घेतलेली मोरपिशी साडी नेसले. कुणी बघणार नव्हतं, पण घडी मोडायची ती त्याच दिवशी, असं मी घेतानाच ठरवलं होतं. शेठचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, सब खुल जाने दो, फिर पार्टी करेंगे." पुढे भेट म्हणून त्यांनी डब्यांचा सेट पाठवला. स्टीलचा. तीस वर्षं स्टीलच्या कारखान्यात काढलेल्या बाईच्या घरात ज्या एका वस्तूची कमतरता नसते, नेमकी तीच. त्या दिवशी यांचाही फोन आला. मी साडी नेसून, पदर नीट करून फोन घेतला, जसं काही दिसणारच होतं. यांनी विचारलं, "अगं, भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करतात?"

मी सांगितलं. भेंडी धुऊन पुसून घ्या, मगच चिरा, आणि झाकण ठेवू नका. फोन ठेवला आणि साडी नेसूनच रडले. वाईट कशाचं वाटलं हे त्या वेळी स्वतःलाही सांगता आलं नसतं. नोकरी संपल्याचं होतं, यांना दिवस आठवला नाही याचं होतं, आणि भेंडीचंही थोडं होतंच.

दुसऱ्या दिवशी यांचा अपराधी आवाजात फोन आला. आमच्या मुलीने, बंगळुरूहून, त्यांचे कान उपटले होते. तिने काय सुनावलं कोण जाणे, पण यांनी ठरवलं होतं की माझ्या निवृत्तीचा शिरा करायचा. करायचा तिकडे, गावात, यांनी. आणि रवा किती भाजायचा, तूप किती, दूध गरम घालायचं की गार, हे सगळं सांगायचं मी. म्हणजे माझ्या निरोप समारंभाचा स्वयंपाक मीच, फक्त तोंडाने. शिरा झाल्यावर यांनी देवापुढे वाटी ठेवली आणि तुझ्या नावाने खाल्ला म्हणून कळवलं. मी म्हटलं, माझ्या नावाने श्राद्धाचं तरी खाऊ नका. दोघंही पुष्कळ हसलो. गाड्या बंद झाल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

यांना स्वयंपाक करण्याची वेळ का आली तेही सांगते. शेजारीच चुलतभावाचं घर, वहिनी सुगरण, एरवी यांना तिकडे चूल पेटवायची कधी गरज पडली नव्हती. पण गावाने तेव्हा मुंबईकरांची धास्ती घेतली होती. वेशीवर बांबू आडवे टाकले होते. हे गाड्या बंद व्हायच्या आधी आलेले, तरी मुंबईचेच. वहिनी पडवीच्या टोकाला ताट ठेवून लांबूनच "भावोजी, जेवून घ्या" म्हणायची आणि निघून जायची. चांगली बाई, पण भीती चांगल्या माणसालाही असते. यांना त्या ताटाची लाज वाटायला लागली. एक दिवस "उद्यापासून नको, मी करतो" म्हणून यांनी तिला सांगितलं, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षांत दूध उतू जाताना फक्त हाक मारली होती, तो स्वयंपाकाला लागला.

गावात घरात फोनला रेंज नाही. ती मिळते परसातल्या फणसाखाली, तीही एका विशिष्ट बाजूला उभं राहिलं तर. मग यांनी काय करावं? तीन दगड मांडून चूलच फणसाखाली नेली. फोन एका दगडावर उभा, स्पीकर चालू, आणि कढई समोर. मी इकडे मीरा रोडला ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायचे आणि कानाने स्वयंपाक करायचे. तेल किती तापलं ते आवाजावरून कळतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मोहरी टाकली की तिचं तडतडणं ऐकायचं, ते टिपेला जाऊन जरा ओसरलं की सांगायचं, "आता हिंग घाला." कढीपत्ता पडला की चर्र आवाज व्हायचा आणि मला इथे माझ्या कोरड्या ओट्यावर वास आल्यासारखं वाटायचं.

पहिल्या काही दिवसांत यांची फोडणी रोज जळली. मी बरोबर वेळेला सांगत होते, हे सांगितल्याबरोबर घालत होते, तरी जळत होती. एकमेकांवर चिडून झालं. मग कळलं की चूक दोघांची नव्हती, त्या रेंजची होती. आवाज यायला मध्ये थोडा वेळ जायचा. माझ्या कानात मोहरी तडतडायची तेव्हा तिकडे ती तडतडून काळी पडलेली असायची, आणि माझं "घाला" पोचेपर्यंत आणखी उशीर. मला जे ऐकू येत होतं ते तिथे आधीच होऊन गेलेलं असायचं. मग मी युक्ती केली. मोहरीचे पहिले दोन-चार दाणे उडाल्याचं ऐकू आलं की लगेच सांगून टाकायचं. अंदाजाने, आधीच. त्यानंतर फोडणी जमायला लागली. यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला, उशिरानेच.

अकराच्या सुमाराला रोज तो फोन यायचा. सगळा दिवस त्या फोनभोवती उभा होता. सकाळी उठून मी घर आवरायचे, कपडे नीट घालायचे आणि वाट बघायचे. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे खाडीवरून एक खारट वारा येतो. इतकी वर्षं कारखान्यात असल्यामुळे मी तो घरी बसून कधी अनुभवला नव्हता. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत एक बुलबुल येऊन बसायचा. वर दुबे भाभींची पोरं दिवसभर धुडगूस घालायची, खुर्च्या ओढायची, क्रिकेट खेळायची. एरवी मी त्यावरून भाभींना दोनदा बोलले होते. त्या दिवसांत वरचा आवाज थांबला की मला काळजी वाटायची. भाभींनी एकदा वरून दोरीला बांधून पिशवीतून गरम लिट्टी खाली सोडली आणि ओरडून विचारलं, "अंकल कब आएँगे, आंटी?" मी वर मान करून म्हटलं, "गाड़ी शुरू होने दो." तो प्रश्न तेव्हापासूनचा.

उत्तनची कार्मेलीन आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची. बंद झालं तसं तिचं येणं थांबलं. मग मे महिन्यात एके दिवशी गेटवर तिची हाक ऐकू आली. कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली होती, तोंडाला ओढणी, टोपलीत सुके बोंबील. मी खाली गेले. "ताजा काय न्हाय बाय, होड्या बंद हायेत. सुका हाय, घे," म्हणाली. मग यांचं विचारलं. मी सांगितलं, गावी अडकलेत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुझा लांब हाय म्हणून तू रडतंय. माझा दिवसभर घरात बसून हाय, म्हणून मी रडतंय." गेटच्या आत मी, बाहेर ती, आम्ही इतक्या हसलो की वॉचमनने मास्क वर घ्या म्हणून हटकलं. वर येऊन बोंबील भाजले. एकटीसाठी भाजले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

हे सगळं आज लिहिताना गोड वाटतंय. तेव्हा वाटत होतं का? थोडं वाटायचं. पण लहानसहान आनंदाची एक खोड असते, तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. बुलबुल आला, वारा सुटला, बोंबील छान भाजले गेले, हे मी अकराच्या फोनला सांगायचे. हे म्हणायचे, "हो का," आणि विचारायचे, "कांदा लाल झाला, आता काय?" माझं सांगायचं राहून जायचं. तरीसुद्धा तो फोन हवा होता. माणसाला आपलं ऐकणारं कुणी नसलं तरी चालतं, आपल्याला विचारणारं कुणीतरी लागतं.

हळूहळू फोनमध्ये बाकीचे आवाज यायला लागले. गावाची भीती ओसरली होती. कढईच्या मागून कुणाची तरी हाक यायची, कुणी फणस पाडायला आलेला असायचा, चुलतभाऊ बाजूला बसून यांच्या स्वयंपाकावर शेरे मारायचा आणि हे मोठमोठ्याने हसायचे. इतकं हसताना मी यांना मीरा रोडला ऐकलं नव्हतं. इथे हे रिटायर झाल्यापासून बेव्हर्ली पार्कातल्या बागेत सकाळी चार फेऱ्या मारायचे आणि दिवसभर पेपर वाचायचे, तोच पेपर, पुन्हा. मला वाटायचं वय झालं म्हणून गप्प झालेत. ते गप्प झालेले नव्हते, इथे त्यांना बोलायला कुणी नव्हतं, इतकंच. मी सकाळी कारखान्यात निघून जायचे. ते चार वर्षं जे काढत होते ते मी आता काढत होते, त्याच घरात.

मग एक दिवस अकराला फोन आला नाही.

मी स्टुलावर बसून राहिले. साडेअकरा झाले. मनात नको नको ते आलं. चूल, साप, घसरून पडणं. तेव्हा सगळ्यांच्याच मनात तसंच यायचं. मी फोन लावत राहिले, तो लागत नव्हता. दुपारी उशिरा यांचा फोन आला. आवाज अगदी मजेत. म्हणाले, "अगं, आज घरातच केलं, आत चुलीवर. मुगाची उसळ. तुला त्रास कशाला रोज रोज, येतं आता मला." मी विचारलं, फोडणी जळली नाही ना. म्हणाले, "नाही गं. एकदम फर्स्ट क्लास." मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसाला भाताचा कुकर लावता यावा म्हणून मी टोमणे मारले होते, त्याला उसळ आली, आणि मला पोरकं झाल्यासारखं वाटत होतं. हे कुणाला सांगणार? मुलीला सांगितलं असतं तर तिने माझीच शाळा घेतली असती.

फोन संध्याकाळी यायला लागला, आणि रोज न येता एकाआड एक यायला लागला. त्यात भाताच्या लावणीच्या गोष्टी असायच्या, कौलं उतरवून पुन्हा चढवल्याच्या, कुणाच्या म्हशीच्या. मी ऐकायचे. एकदा बोलता बोलता हे म्हणाले, "आमच्याकडे आज जोराचा झाला. तुमच्याकडे काय?" यांना स्वतःला ते जाणवलंही नाही. मी "आमच्याकडे ऊन आहे" म्हटलं.

त्याच सुमाराला मला ताप आला. साधाच होता, पण तेव्हा साधा ताप असा प्रकार नव्हता. दर सकाळी मी हिंगाची डबी उघडून वास घ्यायचे. वास आला की तो दिवस आपला. कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर बिल्डिंगला पट्टी लागली असती आणि हे तिकडे वेड्यासारखे झाले असते. संध्याकाळी फोन आला की घसा खाकरून साफ करून बोलायचे. पण एका दुपारी अंथरुणात पडल्या पडल्या मला एकदम स्पष्ट कळलं की हे आता परत येणार नाहीत. येतील, भेटायला. राहायला येणार नाहीत. आणि त्याच्या पाठोपाठ हेही कळलं की मी तिकडे जाणार नाही. भीती वाटली. तापापेक्षा जास्त वाटली. मग ताप उतरला, हिंगाचा वास येत राहिला, आणि भीती तशीच राहिली.

गाड्या सुरू झाल्यावरही हे लगेच आले नाहीत. भात कापून झाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर आले. मी घर धुऊन काढलं होतं, यांच्या खुर्चीची उशी बदलली होती. दार उघडलं तर समोर एक रापलेला, सडसडीत माणूस उभा, पाठीवर तांदळाचं पोतं. मला लग्न ठरलं तेव्हाचे हे आठवले आणि उगीच लाजल्यासारखं झालं. यांनी पोतं खाली ठेवलं, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "इकडे पाणी किती वाजता येतं हल्ली?" पाहुणे विचारतात तसं. मी वेळ सांगितली आणि चहा टाकायला आत गेले.

दिवाळी छान झाली. यांनी मला ओट्यापाशी येऊच दिलं नाही. दुबे भाभींना बोलावून स्वतः केलेलं जेवण वाढलं, भाभींनी तोंडात बोट घातलं आणि आपल्या नवऱ्याला फोनवर फोटो पाठवून टोमणा मारला. हे खूश झाले. पण दुपारी मी पाहायचे, हे गॅलरीत कठड्याला धरून उभे असायचे. हायवेची घरघर पुन्हा सुरू झाली होती. हे समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहायचे, तिथे काहीतरी दिसेल म्हणून, आणि मग आत येऊन पेपर उचलायचे. गावाहून फोन आला की यांचा आवाज बदलायचा. फोन ठेवला की पुन्हा पेपर.

भाऊबीज झाली त्या दुपारी यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठरवायचं राहिलंय आपलं."

मी गहू निवडत होते. निवडतच राहिले. यांनी खूप दिवसांपासून मनात बोलून ठेवलं असावं, कारण एका दमात बोलले. कौलं झालीत, संडास घरालगत बांधून घेतलाय, फोनची रेंजही येईल म्हणतात टॉवर झाल्यावर. तुला काही करावं लागणार नाही, स्वयंपाक मी करीन. हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या अभिमानाने म्हटलं की मला भरून आलं. यापूर्वी असतं तर मी 'बघू' म्हटलं असतं. तो शब्द माझ्या ओठांवर आलाही. पण बघायचं ते सगळं माझं त्या उन्हाळ्यात बघून झालं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही जा."

यांनी बाजूच्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "आणि तू? इथे एकटीला करमेल तुला?"

"नाही करमणार," मी म्हटलं. "पण तिथे मला तुमच्या डोळ्यांदेखत करमणार नाही. ते जास्त वाईट."

यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि उरलेले गहू स्वतः निवडायला बसले. भांडण झालं नाही. आमच्यात कधी झालंच नाही, हेच कदाचित आमचं दुखणं असेल. हे इतकंच म्हणाले की मी महिन्या-दोन महिन्यांनी येत जाईन, आणि तू उन्हाळ्यात ये. मी हो म्हटलं. तेव्हापासून आजवर तसंच चाललंय. लोकांना वाटतं आमचं काहीतरी बिनसलंय. मुलीलाही काही दिवस वाटलं. काही बिनसलेलं नाही. आजही फोन येतो, आजही हे "जेवलीस का" विचारतात. फक्त ती विचारपूस एका घरातून दुसऱ्या घरात होते, आणि दोन्ही घरं आमचीच आहेत.

हे निघाले त्या दिवशी मी काशीमीऱ्यापर्यंत सोडायला गेले. कोकणात जाणाऱ्या खासगी बसेस तिथे हायवेला थांबतात. गॅरेजेस उघडली होती, ट्रकांची रांग होती, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कोण हसतंय आणि कोण नाही ते कळत नव्हतं. यांनी गॅसचा नंबर लावायची आठवण केली, मी गोळ्यांची. बस आली. हे चढले, खिडकीशी बसले आणि काच सरकवायचा प्रयत्न करत राहिले, ती सरकली नाही. मग काचेच्या आतूनच काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली. बस निघून गेली तरी मी थोडा वेळ तिथेच उभी होते.

मग एक रिक्षा येऊन थांबली. मी आत बसले आणि पदराने डोळे पुसले. रिक्षावाल्याने मीटर टाकलं आणि मागे न बघता विचारलं, "किधर?"

"घर," मी म्हटलं. तो तसाच थांबून राहिला, तेव्हा लक्षात आलं की त्याला पत्ता हवा आहे. मी त्याला बेव्हर्ली पार्क सांगितलं.